काळ्या पेटीवरचा नंबर: नळदुर्ग ते किल्लारी, चार दिवस

हा सगळा प्रवास एका काळ्या पत्र्याच्या पेटीसाठी होता. पेटी औसा तालुक्यातल्या एका गावात आहे. तिचा मालक १९७१च्या डिसेंबरात पूर्व आघाडीवर लढताना गेला. मराठा लाइट इन्फंट्रीचा शिपाई, वय तेवीस. शौर्यपदक नाही, शाळेला किंवा रस्त्याला नाव नाही. त्याची बायको आज सत्तरीच्या पुढे आहे. पेटीतले कागद नीट लावून द्या, असा तिच्या पुतण्याचा निरोप होता. घरच्यांच्या सांगण्यावरून माणसाचं नाव आणि गाव इथे लिहिलेलं नाही.

तारखा मुद्दाम निवडल्या: २८ सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२४. ३० सप्टेंबरला किल्लारीच्या भूकंपाला ३१ वर्षं होत होती, आणि १ ऑक्टोबरला पितृपक्षातली चतुर्दशी होती. शस्त्राने मरण आलेल्याचं श्राद्ध, तो कोणत्याही तिथीला गेलेला असो, या चतुर्दशीला घालतात. या घरात १९७२पासून ते चुकलेलं नाही.

शनिवार, २८ सप्टेंबर: सोलापूर, नळदुर्ग, उमरगा

सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याला लागलं की पाऊण-एक तासात नळदुर्ग येतं. आदल्या रात्रीच्या पावसाने दोन्ही बाजूंची सोयाबीनची रानं पिवळी पडून ओली झाली होती. काढणी तोंडावर आलेली असताना असा पाऊस आला की शेंगांना कोंब फुटतात. चहाच्या हॉटेलात त्या दिवशी दुसरा विषय नव्हता. नाष्ट्याला सुशीला मिळाला: भिजवलेले मुरमुरे, वरून डाळव्याचं कूट, भरपूर कांदा-कोथिंबीर.

किल्ल्यात लोक येतात ते पाणीमहालासाठी. बोरी नदीवर दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या काळात बांधलेला बंधारा आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात महाल. वरचं धरण भरून वाहू लागलं तरच नर आणि मादी या दोन धारा पडतात, म्हणून जायचं तर ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर, आणि निघण्यापूर्वी धरण भरलंय का हे गावात फोन करून विचारावं. पायऱ्या शेवाळलेल्या असतात. चपला नकोत, रबरी तळव्याचे बूट घालावेत. उपळी बुरूज चढायला उंच आहे, पण वरून बोरीचं पात्र आणि हमरस्ता दोन्ही दिसतात.

आम्हाला तो रस्ताच बघायचा होता. १३ सप्टेंबर १९४८च्या पहाटे हैदराबाद संस्थानावरची कारवाई सुरू झाली तेव्हा सोलापूरकडून येणाऱ्या सैन्याची पहिली चकमक इथेच झाली. बोरीवरचा पूल शाबूत हाती लागणं महत्त्वाचं होतं, कारण पूल उडाला असता तर रणगाडे नदीच्या अलीकडेच अडले असते. सातव्या ब्रिगेडने पूल तसाच ताब्यात घेतला आणि नळदुर्गच्या ठाण्यांवर दुसऱ्या शीख पलटणीने हल्ला केला. सकाळी नऊच्या सुमारास रणगाड्यांची तुकडी पुढे जळकोटला पोचली होती.

त्या शीख पलटणीत हवालदार बचित्तर सिंग होते, पंजाबातल्या लोपो गावचे. पहाटे चारच्या सुमारास समोरून येणाऱ्या दोन गाड्या त्यांनी गोळीबार करून अडवल्या आणि आतल्या माणसांसह ताब्यात घेतल्या. पुढे एका मशीनगनच्या ठाण्यावर चालून जाताना, ते साधारण तीस यार्डांवर असताना, मांडीत गोळ्या बसल्या. खाली पडल्यावर ते सरपटत पुढे गेले, दोन ग्रेनेड टाकून ते ठाणं बंद केलं आणि मागे न्यायला नकार दिला. तिथेच ते गेले. अशोक चक्र हा सन्मान सरकारने १९५२च्या जानेवारीत सुरू केला आणि तो १५ ऑगस्ट १९४७पासून लागू धरला. पहिल्या मानकऱ्यांत बचित्तर सिंग आहेत. ही कारवाई परक्या देशाशी युद्ध म्हणून मोजली गेली नाही, त्यामुळे परमवीर चक्राचा प्रश्नच आला नाही.

मराठवाड्यात १७ सप्टेंबरला दर गावी झेंडा लागतो. नळदुर्गात हॉटेलात बसलेल्या चौघांना बचित्तर सिंगांबद्दल विचारलं. चौघांनाही नाव ठाऊक नव्हतं. एक म्हातारे एवढं म्हणाले, "आमचा बाप सांगायचा, पहाटं रणगाडं आलं तवा भांडी फळीवरून खाली पडली." हे नाव इथल्या शाळेतल्या पोरांना पाठ असायला हवं, असं आम्हाला मनापासून वाटतं. पंजाबचा माणूस बोरीकाठी मेला. औशाकडचा माणूस तेवीस वर्षांनी बंगालच्या बाजूला मेला. दोघंही घरापासून दूर मेले.

अणदूर वाटेतच आहे. तिथला खंडोबा वर्षातले काही दिवस नळदुर्गला राहायला जातो, बाकी मुक्काम अणदूरला. दर्शन घेऊन निघालो. संध्याकाळी उमरगा. ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, येसराची आमटी. येसराला इथे बाजरी, हरभरा आणि मसाला भाजून दळतात. पाण्यात कालवून उकळलं की आमटी तयार, म्हणून रानात राहणाऱ्याच्या शिदोरीत ती असायचीच.

रविवार, २९ सप्टेंबर: गाव

उमरग्याहून लातूरकडे जाणाऱ्या रस्त्याने किल्लारीच्या पट्ट्यात शिरलं की गावांची ठेवण बदलते. रुंद सरळ रस्ते, सारखी घरं, मध्ये मोकळी जागा. भूकंपानंतर बावन्न गावं मुळातून उठवून नव्या जागी वसवली. जुन्या गावठाणात आता बाभळी, पडक्या भिंती आणि एखादं देऊळ.

पेटी नव्या घरात देवघराच्या खाली आहे. झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव, पलटण. नंबर सात आकडी, २७ने सुरू होणारा. शेवटचे दोन आकडे खरवडलेले. अशा कागदांच्या मागे लागणाऱ्याने हे आधी शिकावं: नाव फसवतं, नंबर फसवत नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचे नंबर साधारण २७ने सुरू होतात, महार रेजिमेंटचे ४५ने. नंबर कळला की कागद कुठे मागायचे ते ठरतं. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, महारचं सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे इंजिनिअर्सचं खडकीला.

खरवडलेले दोन आकडे मेडलवर सापडले. पेटीत दोन मेडलं होती, 'पूर्वी स्टार' (पूर्व आघाडीसाठीचं) आणि 'संग्राम मेडल'. गोल मेडलच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटणीची अक्षरं कोरलेली असतात. मेडल आडवं धरून एका बाजूने बॅटरीचा प्रकाश टाकायचा आणि भिंगातून वाचायचं. घरोघरी दसऱ्याला देवाच्या भांड्यांबरोबर मेडलंही चिंच-राखेने घासतात. तसं कधी करू नये. दर घासणीला कडेची अक्षरं थोडी थोडी जातात आणि पन्नास वर्षांनी कड गुळगुळीत होते. सुक्या मऊ कापडाने पुसलं की पुरे.

आजींना, म्हणजे त्याच्या बायकोला, कागद वाचता येत नाहीत, पण कुठला कागद कुठल्या घडीत आहे हे त्यांना डोळे मिटून सांगता येतं. तार सगळ्यात खाली, एका जुन्या ब्लाउजपीसमध्ये. टेलिप्रिंटरच्या पट्ट्या कापून चिकटवलेल्या, डिंक वाळून दोन पट्ट्या सुटलेल्या. इंग्रजीत. "हरबऱ्याची भाजी खुडत होते रानात," आजी म्हणाल्या. "मास्तरनं तार वाचली अन् गपच बसला. मला कुणी काही बोललंच न्हाई. बांगड्या फोडायला बायका आल्या तवा कळलं."

त्या युद्धात पडलेल्या बहुतेक जवानांचे अंत्यसंस्कार आघाडीजवळच उरकले गेले. तिरंग्यात गुंडाळलेली शवपेटी गावात येते हे दृश्य लोकांच्या ओळखीचं झालं ते १९९९च्या कारगिलपासून. १९७१च्या घरी आली ती तार, आणि काही आठवड्यांनी सामान. या घरात दर्भाचा पुतळा करून क्रियाकर्म केलं. कुठल्याही नदीकाठी त्याची राख नाही, गावात समाधी नाही. जागा म्हणून जी काही आहे ती ही पेटी.

सामान असंच येत नसे. जवान गेला की त्याच्या तुकडीत अधिकाऱ्यांची एक समिती बसते, स्टँडिंग कमिटी ऑफ अ‍ॅडजस्टमेंट. ती त्याच्या खासगी वस्तूंची यादी करते, येणं-देणं मिटवते, सरकारी किट वेगळं काढते आणि उरलेलं घरी पाठवते. या पेटीत ती यादी आहे. स्वेटर एक, आरसा लहान एक, कंगवा, हनुमानाचा फोटो, पत्रं, फाउंटन पेन. यादीतला आरसा अजून आहे. पेन कुणीतरी शाळेत नेलं आणि हरवलं. पुतण्याने हे सांगितलं तेव्हा आजींनी त्याच्याकडे बघितलं नाही.

दुपारभर कागद लावण्यात गेली. पद्धत अशी ठेवली: आधी पेटी उघडल्याबरोबर जशी होती तशीच तिचे फोटो, म्हणजे कुठला कागद कशाजवळ होता ते कळतं. मग एकेक कागद खिडकीजवळ, उन्हाची तिरीप थेट पडणार नाही असा, पांढऱ्या चादरीवर ठेवून मागूनपुढून फोटो. फ्लॅश नाही. घडी ताणून उघडायची नाही. कागद कडक झाला असेल तर रात्रभर ओल्या फडक्याच्या शेजारी झाकून ठेवला की मऊ पडतो. सेलोटेप, फेव्हिकॉल आणि लॅमिनेशन यांना हात लावायचा नाही. लॅमिनेशन करताना उष्णता लागते, शाई उडते, आणि नंतर ते कधी सुटत नाही. गावोगावी तारा आणि पेन्शनचे कागद घरच्यांनी प्रेमाने केलेल्या लॅमिनेशनपायी गेलेले दिसतात. प्रत्येक कागद साध्या पांढऱ्या कागदात गुंडाळून त्यावर पेन्सिलीने क्रमांक घातला. एकंदर सत्तेचाळीस नग झाले.

पत्त्यांवरूनही खूप काही कळतं. पत्रावर छप्पन्न एपीओ (लष्करी पोस्ट ऑफिस) असेल तर पश्चिमेकडचं टपाल, नव्व्याण्णव एपीओ असेल तर पूर्वेकडचं. या घरातली ऑगस्टपर्यंतची पत्रं छप्पन्नची आहेत, नंतरची नव्व्याण्णवची. युद्ध ३ डिसेंबरला सुरू झालं, पण पलटण त्याआधी तीन-चार महिने हलली होती हे त्या शिक्क्यांवरून दिसतं. घरच्यांना हे ठाऊक नव्हतं.

आणि मनीऑर्डरची कुपनं, चौदा. मनीऑर्डरच्या फॉर्मचा खालचा तुकडा पोस्टमन पैशांबरोबर देऊन जायचा. त्यावर निरोपापुरती दोन-तीन ओळींची जागा असे. पोस्टाने पैसे पाठवणाऱ्या शिपायाचं हस्ताक्षर हमखास सापडायचं तर तिथे. बॉलपेन फिकटला होता. फोनवर फोटो काढून रंग काढून टाकले आणि उठाव वाढवला की बरंच वाचता येतं. त्या वेळी मास्तरांनी ही कुपनं वाचून दाखवली असतील. त्यानंतर ती कुणी वाचलेली नव्हती. आम्ही एकेक वाचत गेलो. "शेळी विकू नये." "आबांनी चष्मा करून घ्यावा." "पाऊस कसा आहे ते कळवणे." शेवटच्या दोन कुपनांपैकी एकावर: "मुलगी झाली समजले. देवी टोचून घेणे. विसरू नये."

मुलगी १९७१च्या पावसाळ्यात झाली. बापाने तिला पाहिलं नाही.

सोमवार, ३० सप्टेंबर: किल्लारी आणि लातूर

सकाळी किल्लारीला जुन्या गावठाणातल्या स्मृतिस्तंभापाशी गेलो. १९९३मध्ये अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून गावं झोपली होती आणि पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हलली. माणसं धक्क्याने कमी आणि घरांखाली जास्त मेली. या भागातल्या भिंती दोन-दोन फूट जाडीच्या, गोल दगड मातीत रचलेल्या. वर माळवद, म्हणजे लाकडांवर फूट-दीड फूट मातीचा थर. उन्हाळ्यात घर थंड राहावं म्हणून दर दोन-तीन वर्षांनी वर नवी माती टाकायची, जुनी काढायची नाही, म्हणून छपराचं वजन वाढतच जाई. भिंतीतले आतले आणि बाहेरचे दगड एकमेकांत न गुंफल्यामुळे भिंत उभी चिरली आणि ते सगळं वजन झोपलेल्यांवर आलं.

आजींची सासू त्या रात्री गेली. पेटी वाचली ती तुळई तिरकी पडून तिच्यावर छत धरल्यासारखी राहिली म्हणून. ढिगारा उपसायला लष्कराचे जवान आले होते. त्यांतल्या एकाने झाकणावरचा नंबर वाचून पेटी ओढून न काढता भोवतीचे दगड हाताने काढायला लावले, असं पुतण्या सांगतो. तो तेव्हा अकरा वर्षांचा होता.

आजी किल्लारीला आल्या नाहीत. त्या या दिवशी घरातच बसतात. त्यांच्याशी जे बोलणं झालं ते आदल्या संध्याकाळचं, आणि त्यांना सांगायचं होतं ते भूकंपाबद्दल नव्हे, बहात्तरबद्दल. तार डिसेंबरची. पुढचा पावसाळा कोरडा गेला. तान्ही मुलगी, म्हातारे सासू-सासरे, धाकटा दीर, आणि हातात पैसा नाही. शेळ्या विकल्या. कुपनात लिहिलं होतं तरी विकल्या. तेवढं सांगताना त्या थांबल्या. मग दुष्काळी कामावर खडी फोडायला. मुलगी बाभळीला बांधलेल्या झोळीत, डोळ्यांत खडीची धूळ जाऊ नये म्हणून वर ओलं लुगडं. खायला सुकडी आणि अमेरिकेचा तांबडा मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी. "मिलोची भाकर थापली की मोडायची," त्या म्हणाल्या, "पर पोट भरलं." गावात त्या 'मिलट्रीवाल्याची' म्हणून ओळखल्या जायच्या आणि मुकादम त्यांना सावलीतला ढीग द्यायचा. दुसरी सवलत कुणी दिल्याचं त्यांना आठवत नाही.

युद्धात पडलेल्यांच्या कुटुंबांसाठी वाढीव पेन्शनचा आदेश सरकारने फेब्रुवारी १९७२मध्ये काढला. लिबरलाइज्ड फॅमिली पेन्शन ती हीच. जवानाच्या शेवटच्या पगाराइतकी रक्कम विधवेला मिळावी अशी तरतूद. कागद पलटणीतून रेकॉर्ड ऑफिसला, तिथून अलाहाबादच्या पेन्शन कार्यालयात, तिथून कोषागारात असा फिरत आला तोवर दिवाळी आली होती. तोपर्यंतच्या फरकातून त्यांनी आधी एक शेळी घेतली. त्या काळच्या नियमात एक अट होती: विधवेने पुन्हा लग्न केलं तर पेन्शन बंद, फक्त मयताच्या सख्ख्या भावाशी केलं तर चालू. अठराव्या वर्षी विधवा झालेल्या कितीतरी मुलींची पुढची पन्नास वर्षं या एका ओळीने ठरवली. नंतर ती अट सैल झाली, पण ज्यांना उपयोग झाला असता त्या तोवर म्हाताऱ्या झाल्या होत्या. हा नियम मुळातच अन्यायाचा होता, आणि ते लिहिताना हात आखडायचं कारण नाही.

किल्लारीहून लातूर तासाभराचं. काम जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात. असं कुटुंब तुमच्या ओळखीचं असेल तर पुढचं नीट वाचा, कारण अडतं ते याच ठिकाणी.

जवान भरती होतो तेव्हा त्याच्या घरच्यांची नोंद होते. तिला किंड्रेड रोल म्हणतात. लग्न झालं की त्यात बायकोचं नाव चढतं. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची रीत. इथे नोंद माहेरच्या नावाची झाली आणि आधार कार्ड सासरच्या नावाचं. जवानाचंही नाव लष्करात आडनाव आधी आणि नाव मागून असं लिहिलेलं, वडिलांचं नाव गळालेलं. ज्ञानोबासारख्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग दोन कागदांत एक सापडलं तर नशीब समजावं. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावर, जिथे पंचवीस हजारांहून जास्त जवानांची नावं त्याग चक्राच्या भिंतींवर एकेका दगडी पाटीवर कोरली आहेत, तिथल्या नोंदीत या शिपायाचं नाव आडनावाने सापडलं नव्हतं. शब्द उलटे टाकल्यावर सापडलं.

जिल्ह्याचंही तसंच. लातूर जिल्हा झाला १९८२च्या ऑगस्टमध्ये. त्याआधी भरती झालेल्या औसा, अहमदपूर, निलंगा, उदगीरच्या जवानांच्या कागदांवर जिल्हा उस्मानाबाद आहे. अर्जात नुसतं लातूर लिहिलं तर रेकॉर्ड ऑफिसला माणूस सापडत नाही आणि 'नोंद आढळत नाही' असं उत्तर येतं. लिहायचं असं: भरतीच्या वेळचा जिल्हा उस्मानाबाद, सध्याचा लातूर. आता उस्मानाबादचं धाराशिव झालंय, तेही कंसात द्यावं.

कागदांत 'शहीद' शब्द शोधू नये. लष्कराच्या नोंदीत तो नसतो. 'बॅटल कॅज्युअल्टी' असं असतं, आणि पेन्शन कुठली ते त्या शब्दावर ठरतं. 'फिजिकल कॅज्युअल्टी' म्हणजे आजार किंवा अपघात.

आजींच्या पेन्शन आदेशात, ज्याला सगळे पीपीओ म्हणतात, जन्मतारखेचा रकाना कोरा होता. आज त्याने काही बिघडत नाही. पण ऐंशी वर्षं पूर्ण झाली की पेन्शन वीस टक्क्यांनी वाढते, पंच्याऐंशीला तीस, नव्वदला चाळीस, पंच्याण्णवला पन्नास, शंभरीला दुप्पट. तारीख नोंदलेली नसेल तर ती वाढ आपोआप लागत नाही, आणि ऐंशीच्या बाईला तेव्हा धावपळ झेपत नाही. म्हणून हे आत्ताच करून घ्यायचं. लागतं ते असं: पीपीओची प्रत, आधार, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र, ग्रामपंचायतीचा तसाच दाखला, फोटो, आणि बँक पासबुकाचं पहिलं पान. अर्ज सैनिक कल्याण कार्यालयातून रेकॉर्ड ऑफिसला जातो. तिथे बदलाचा पार्ट टू ऑर्डर निघतो. मग सुधारित पीपीओ. पेन्शन 'स्पर्श'वर, म्हणजे संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पेन्शन व्यवस्थेवर, गेलेली असेल तर तिथल्या नोंदीतही तीच दुरुस्ती झाली का ते पुन्हा बघावं. हयातीच्या दाखल्यासाठी अंगठा उठला नाही तर घाबरू नये. खडी आणि खुरप्याने झिजलेली बोटं मशीन ओळखत नाही. आता चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय आहे.

अर्ज दिला, पोच घेतली. पोचेवर आवक क्रमांक आणि तारीख आहे का ते खिडकीतच बघावं.

परतताना नव्या गावातल्या शाळेसमोरच्या स्तंभापाशी थांबलो. त्यावर या शिपायाचं नाव आहे, पण मरणाची तारीख तार गावात आली त्या दिवशीची. रेकॉर्डमधली तारीख पाच दिवस आधीची. पुतण्याने सरपंचांना तिथूनच फोन केला. दगड बदलायचा नाही, खाली पितळी पट्टीवर बरोबर तारीख लावायची असं ठरलं.

मंगळवार, १ ऑक्टोबर: चतुर्दशी

पहाटेपासून चूल. खीर, कढी, उडदाचे वडे, भजी, भोपळा, गवार, कारलं, अळूच्या वड्या, वरण-भात, पुऱ्या. पितर म्हणून पाटावर बसवतात तो माणूस दर वर्षी तोच असतो: गावातले एक म्हातारे, या शिपायाबरोबर एकाच दिवशी भरतीला गेलेले. दोघं उस्मानाबादला पायी आणि मिळेल त्या ट्रकने गेले होते. उंची, वजन, छाती फुगवून आणि न फुगवता, मग एक मैल धावणं. याची छाती अर्धा इंच कमी भरत होती. दुसऱ्यांदा मोजताना याने दम इतका धरला की मोजणारा हसला. हे ते दर वर्षी सांगतात आणि दर वर्षी बायका स्वयंपाकघरातून ऐकतात. दोघं बेळगावला गेले, पण पलटणी वेगळ्या मिळाल्या. हे पंधरा वर्षं नोकरी करून परत आले.

त्यांनी उठण्याआधी आजींनी पेटी उघडायला लावली, नंबर लिहिलेला कागद वर ठेवला, आणि नंबर मोठ्याने वाचा म्हणाल्या. शेवटच्या दोन आकड्यांसकट सातही आकडे. म्हाताऱ्यांनी मान हलवली. त्यांचा नंबर याच्यापुढे फक्त तीनने होता.

घास माळवदावर ठेवायची जुनी सवय, आता स्लॅबवर ठेवतात. कावळे त्या भागात कमी झालेत. वाट बघावी लागते. या वेळी अर्ध्या तासात आला.

मुलगी औशाला दिलेली आहे, सकाळीच आली होती. वय त्रेपन्न. पुऱ्या लाटताना तिने बाह्या वर सारल्या होत्या. परवा वाचलेलं कुपन तिला पुतण्याने दाखवलं. तिने पिठाचे हात पुसले, कागद घेतला नाही, नुसता लांबून वाचला. मग डावा दंड आमच्याकडे वळवला. कोपराच्या वर, एकाखाली एक, देवीचे दोन गोल व्रण.

आजी चुलीपासून म्हणाल्या, "औशाला चालत गेले होते. दोनदा टोचली. पयली उठली न्हाई म्हणून."